न जळणारा कापूस

अक्का गेल्याचा निरोप पारोळ्याहून आलेल्या मोटारीच्या क्लीनरने धुळ्याला माझ्या दारात उभ्याउभ्याच सांगितला आणि पाणीही न घेता तो गेला. माझी थोरली बहीण... आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनेच. ती जाऊन आता दीड महिना होईल. सगळे म्हणतात दम्याने गेली, आणि परवापर्यंत मीही तसंच म्हणत होतो. आज लिहायला बसलोय खरा, पण दुःखापेक्षा संतापच जास्त आहे. वाचणाऱ्यांनी तो सोसून घ्यावा.

अक्का आगीला फार भ्यायची. तिच्या सासरच्या स्वयंपाकघराला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, कूड होता, वरून मातीने लिंपलेला. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या बऱ्याच आधी एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरण शिजत असताना त्या कुडाने पेट घेतला. आग विझली, पण तिचा धसका गेला नाही. चुलीपुढे बसली की अर्धं लक्ष भिंतीकडे. तेव्हा धावून आले ते नाना. नाना म्हणजे आमच्या दाजींचे जिवलग दोस्त, जळगावच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बॉयलर सांभाळायचे. अक्काने त्यांना भाऊ मानलं होतं, भाऊबीजेला माझ्या आधी त्यांना ओवाळायची. जिनातल्या बॉयलरवरचं जुनं पांघरूण नुकतंच उतरवलं होतं. ते पांढरं, तंतू सुटलेलं सामान नानांनी पोती भरभरून आणून टाकलं. मूठभर चुलीत धरलं... जळेना! अक्का हरखून गेली. "हाऊ कापूस बळत नही, देखा!" म्हणत तिने आळीतल्या बायका गोळा केल्या.

आणि कापूस कसा हाताळायचा हे आम्हा खानदेशी माणसांना काय कुणी शिकवायला हवं? अक्काने तो मांडीवर घेऊन गादीच्या कापसासारखा बोटांनी पिंजला, भुशाऐवजी मातीत कालवला आणि कुडाला जाड लिंपण दिलं. पुढे दरवर्षी आखाजीआधी पोपडे खरडायचे, झाडून काढायचे, नवा हात द्यायचा, हा तिचा नेमच झाला. पोती बरीच होती. घरभर पांढरी धूळ, तिच्या केसांत पांढरं... दाजी म्हणायचे, "मनी बायको म्हातारी व्हई गई!" आणि ती खोकत खोकत हसायची. त्या दिवसांत नाना आले तर ओट्यावरूनच बोलत. आत या म्हटलं की त्यांना घाई असायची. कामाला घाबरतात, म्हणून आम्ही त्यांची थट्टा करायचो.

गेल्या वर्षी अक्काला धुळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हाही नाना सोबत होते. डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं, "बाई, कुठे गिरणीत, धुळीत काम केलंय का?" अक्काला दम लागला होता तरी हसू आलं. "मी कसाले जिनमा जासू?" नाना तिच्या शेजारी बसले होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, मानलेली बहीण आहे, बघवत नसेल.

परवा दाजींनी तो कूड पाडून विटांची भिंत घालायचं ठरवलं. मी खरवडायला पहार उचलली, तेवढ्यात भेटायला आलेले नाना ओट्यावरून ओरडले, "भाऊ, थांब! कोरडं खरडू नको. आधी पाणी मार. तोंडाला ओलं फडकं बांध. पोरांना बाहेर काढ, दाणे-पीठ झाक. झाडू लावायचा नाही, ओल्या पोत्याने पुसायचं. निघेल ते ओलंच पोत्यात भरून खोल पुरायचं." सगळं एका दमात, पाठ असल्यासारखं.

मी विचारलं, "नाना, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

नवा बॉयलर बसवायला आलेल्या साहेबाने, ते म्हणाले. याला ॲस्बेस्टॉस म्हणतात, याची धूळ छातीत बसते ती निघत नाही, भिजवून पुरून टाका, असं त्याने बजावलं होतं. पोती आमच्याकडे आणायच्या आधीच.

"खड्डा खणायला माणसं मिळेनात," नाना म्हणाले. "अक्काला तर आगीची भीती... म्हटलं, दोन्ही कामं होतील. मग ती इतली खूश व्हती भाऊ, कसं सांगू?"

"आणि डॉक्टरांपुढे का नाही बोललात?"

जे गावाबाहेर पुरायचं होतं, ते या माणसाने माझ्या बहिणीच्या मांडीवर आणून टाकलं होतं, आणि आम्ही त्याला उपकार समजत होतो! मी बोललो, बोलू नये तेही बोललो. पण त्या भिंतीचं काय करायचं हे विचारायला आम्हाला दुसरं माणूस नव्हतं, याची चीड अजून जात नाही. पाडूच नका, धूळ उडेल, ओली करून वरून चुन्याचा जाड गिलावा द्या, हेही शेवटी नानांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिंतीवर हळूहळू पाणी मारलं. ओल धरली तशा चुलीच्या वर अक्काच्या बोटांच्या ओळी उठून दिसायला लागल्या... लिंपताना ती ओढायची तशा, गोलसर, एकाखाली एक. दाजी थापी घेऊन नुसते उभे राहिले, त्यांचा हात उठेना. मग थापी मी घेतली आणि त्या ओळींवर चुना चढवायला लागलो. नाना बोलावलं नसतानाही आले होते. दारातून मला सांगत होते, "फडकं नाकावरून घे भाऊ, घट्ट बांध... अजून घट्ट."