बिल गेलं, जाहिराती राहिल्या

माझ्या तेव्हाच्या मोबाइल कंपनीला मी आजही शिव्या देते. सवय म्हणून नाही, मनापासून.

माणिकपूरला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा इमारतीची सोसायटी झालेली नव्हती, विजेचा मीटर बिल्डरच्या नावावर होता आणि रेशनकार्ड सासरी, रत्नागिरीकडे. पत्त्याचा पुरावा म्हणून घरात एकच कागद: माझं मोबाइलचं बिल. ते जाडजूड पाकिटातून यायचं. बिल एक पान, बाकी सगळा कचरा. कर्ज घ्या, डिनर सेट घ्या, गोव्याला जा. बिलाची पाठसुद्धा मेल्यांनी कोरी सोडली नव्हती.

एका संध्याकाळी स्टेशनबाहेर त्यांनी मांडव टाकला. टाय लावलेली माणसं ‘झाडं वाचवा’ म्हणत फॉर्मवर सह्या घेत होती आणि वर प्लास्टिकचा डबा फुकट देत होती. मी डब्याला भुलले. आता बिल ईमेलवर येणार, एवढंच मला कळलं. घरात कॉम्प्युटर नव्हता, तरी मी सही ठोकली.

पुढच्या वर्षी मुलीचा पहिलीचा प्रवेश आला. शाळा अगदी समोर, रस्ता ओलांडला की फाटक. सायबर कॅफेतून बिल छापून मी शाळेच्या ऑफिसात नेलं. तिथल्या बाईंनी ते दोन बोटांत धरलं.

“हे तर कुणीपण छापून आणेल. पोस्टानं आलेलं ताजं बिल आणा. शनिवारी फॉर्म बंद.”

मी तशीच कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, पेपर बिल सुरू व्हायला महिना लागेल. तोपर्यंत आमची नवीन स्कीम बघा ना.” आणि त्याने माझ्या हातात रंगीत कागद कोंबला. तो त्याच्या तोंडावर फेकला नाही, याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

शुक्रवारी पोस्टाने त्यांचंच पाकीट आलं. माझं नाव, विंग, मजला, पिनकोड, सगळं बिनचूक. फोडलं तर आत नुसत्या जाहिराती. नवरदेव पळाला तरी वरात दारात यावी, तसा प्रकार. तरीही ते पाकीट घेऊन मी शाळेत धावले.

बाईंनी पत्ता वाचला, आतले कागद चाळले. “पत्ता बरोबर आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण ही जाहिरात आहे. जाहिरात काय, कुणालाही येते.”

जूनपासून समोरच्या शाळेची घंटा रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. तोवर माझ्या सहा वर्षांच्या पोरीला नालासोपाऱ्याच्या शाळेच्या रिक्षात बसून अर्धा तास झालेला असायचा.