धुक्यामागचा डोंगर

‘मोठे बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही!’

एमबीए करून मी सुधाकरकाकांच्या इंदिरा नगरच्या ऑफिसात रुजू झाले, तेव्हा हा नियम पहिल्याच दिवशी ऐकवला गेला. काका लखनऊबाहेरच्या रिसॉर्ट टाउनशिपचे प्लॉट विकतात. तोंड बंद ठेवलं की किस्से आत साठत जातात. माझं तर गोडाऊन झालंय, यार!

ब्रोशरवर छापलंय, ‘हिल व्ह्यू’. लखनऊला डोंगर? म्हणून काका गिऱ्हाइकांना जानेवारीच्या धुक्यात साइटवर नेतात. ‘कोहरा आहे, नाहीतर समोर डोंगरच!’ एकदा एक भाईसाहब हटून बसले, ‘कोहरा छँटने दो।’ दुपारी ऊन पडलं. समोर वीटभट्टीची चिमणी! काका शांतपणे म्हणाले, ‘देखिए, ऊँचाई तो है!’

क्लबहाउसचं भूमिपूजन गिऱ्हाइकांच्या प्रत्येक नव्या बॅचसाठी होतं. नारळ नवा, खड्डा तोच. परवा पंडितजी माझ्या कानाशी कुजबुजले, ‘बिटिया, अब तो धरती मैया भी पूछती हैं, फिर आ गए?’

मग छावणीतले एक रिटायर्ड कर्नल आले. त्यांनी लेआउटचा नकाशा बॉनेटवर पसरला, होकायंत्र काढलं आणि स्विमिंग पूलच्या जागेवर जाऊन उभे राहिले. तर कमरेपर्यंत ऊस! ‘यह गन्ना किसका है?’

काका म्हणाले, ‘सर, लँडस्केपिंग!’

इथपर्यंत मी खूप हसले. पण मग शेंडे मावशी गिऱ्हाईक झाल्या. मावशी एकट्याच असतात. मी शाळेत असताना आईबाबा दोघंही नोकरीवर, त्यामुळे दुपारचं जेवण मला त्यांच्याकडेच मिळायचं. विकास नगरचा राहता फ्लॅट विकून त्या काकांच्या टाउनशिपमधल्या तळ्याकाठी घर बांधणार होत्या.

सौदा ठरवायला सगळे आमच्याकडे जेवायला बसले. मावशी आनंदात होत्या. ‘अहो, रविवारी पाहिलं ना मी, काय सुंदर तळं! बदकंसुद्धा आहेत.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘सांग गं मावशींना. तू तर तिथे नेहमी जातेस. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे.’

‘नाही सांगणार.’

‘मोठ्यांशी असं बोलतात?’ बाबा डाफरले.

‘मग कसं बोलतात? खोटं?’ मी वळले. ‘मावशी, फ्लॅट विकू नका. तळ्यात शनिवारी ट्यूबवेलचं पाणी सोडतात. बदकं रविवारी सकाळी भाड्याने येतात, टेम्पोतून. संध्याकाळी परत जातात.’

मावशींनी वरणाची वाटी खाली ठेवली. काकांकडे नीट पाहिलं.

‘म्हणजे सुधाकर, रात्री तिथे बदकंसुद्धा राहत नाहीत?’

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी ताटाकडे.