दारामागची कुंडी

आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. म्हणून मुरबाडच्या आमच्या शेजारच्या काकांविषयी लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो.

काका उरलेल्या पाइपांच्या कुंड्या करत. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा वरून कापायचा, दोन्ही टोकांना टोपणं लावायची, आत मनीप्लांट लावायचा आणि क्लॅम्पने घरातल्या भिंतीवर बसवायचा. सगळ्या कुंड्या एका ओळीत होत्या. दारामागची एक मात्र खाली होती.

त्यांची बायको तान्ह्या पोराला घेऊन माहेरी गेली, ती परतलीच नाही. दर वर्षी म्हशाची जत्रा उरकली की काका मला हाक मारत. "भिंतीला टेक रे. हालू नको." माझ्या डोक्याशी पेन्सिलीने खूण करून ते ती कुंडी तिथे चढवत. खाली जुन्या स्क्रूंची भोकं तशीच राहत.

"ही कुणासाठी, काका?"

"माज्या पोरासाठी. तुज्याच वयाचा हाय. आता येवढाच झाला असंल."

आई चेष्टा करी, "भावजी, लग्नापर्यंत छपराला लावाल ती!" काका हसत नसत. खूण झाली तरी मला हलू देत नसत, नुसते बघत राहत. मला भीती वाटे. तरी मी जात राहिलो.

आता मी कल्याणला कॉलेजात आहे. परवा आईचा फोन आला. काकांचा मुलगा पत्ता शोधत आला होता. काकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, "माजा पोरगा कल्याणला शिकतो. सुट्टीत येल."