सासूबाईंच्या खोलीतला बांबू

सासूबाईंचं लाकडाचं ज्ञान मला लग्नाच्या दिवशीच कळलं. लोह्याहून माझ्या वडिलांनी टेम्पोत घालून सागवानी पलंग आणला होता. भरल्या मांडवात सासूबाईंनी त्यावर बोटाची पेरं ठोकली आणि म्हणाल्या, "सागवान न्हाई हे. बाभळ हाय, रंग लावल्याली." पलंग सागवानीच होता. वडील हसले; मुलीच्या बापाला दुसरं काय करता येतं? पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. मी विसरणाऱ्यांतली नाही.

बावीस वर्षांनी त्या आमच्या लातूरच्या घरात टाइल्सवर घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात यांना चालतं करा, नाहीतर पलंगच धरतील. आणि आधी खोलीतली ती गुळगुळीत फरशी झाका. म्हणून लाकडी फळ्या बसवायच्या ठरल्या.

नांदेडच्या दुकानदाराने दोन नमुने दिले, एक सागवानाचा आणि एक बांबूचा. मी दोन्हींवर किल्लीने ओरखडे काढले, दिवसभर पाण्यात भिजवून ठेवले. ओरखडा सागवानावर जास्त उमटला. पण दुकानदार प्रामाणिक होता. "ताई, तुमच्याकडचा उन्हाळा लई कोरडा. बांबू आकसतो, फटी पडतेत. सागवान हलत न्हाई. खराब झालं तर रंधा मारा, पुन्हा नवं." नवरा म्हणाला, मग सागवानच घेऊ.

मी दोन्ही तुकडे सासूबाईंच्या पुढ्यात ठेवले. सागवान त्यांनी सवयीने ठोकून पाहिलं. बांबूवरून मात्र हात मागे घेतला.

"मेल्यावर बांबूवर न्यायचंच हाय की मला. आत्ताच कशाला?"

आयुष्यभर बांबूच्या सुपात धान्य पाखडलेली ही बाई! पण ती भीती खरी होती आणि ती आयती माझ्या हातात आली होती. मी नवऱ्याला म्हटलं, बांबूच घेऊ. कडक असतो, मोठी झाडं तोडावी लागत नाहीत, लगेच मिळतो. सगळी कारणं खरी होती. घरातल्या असल्या बाबतीत तो माझंच ऐकतो.

फळ्या बसल्या, वॉकर आला, पण सासूबाईंनी पलंगावरून पाय खाली सोडलाच नाही. नवरा विनवण्या करून थकला. "तिरडीवर म्या पाय देणार न्हाई," एवढंच त्यांचं उत्तर. चटई टाकू का, असं त्याने एकदा विचारलं. मी म्हणाले, चटईत वॉकर अडकतो. तेही खरंच होतं.

महिना गेला, मग दुसरा. ज्याला बाभळ म्हणाल्या होत्या त्याच पलंगाला त्या खिळल्या. पायांच्या काड्या झाल्या, पाठीला जखमा पडल्या. त्या जखमा मीच धुवायचे, अगदी नीट, हलक्या हाताने. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. मला ते ऐकायला गोड लागायचं. मे महिन्यात फळ्यांत फटी पडल्या, दुकानदार म्हणाला होता तशाच.

एका सकाळी त्यांना घरघर लागली. नणंद आलेलीच होती. आमच्यात पलंगावर जीव जाऊ देत नाहीत, माणसाला शेवटी जमिनीवर घेतात. "खाली घ्या आईला," नणंद ओरडली. "वहिनी, घोंगडी कुठं हाय?"

घोंगडी कपाटात होती, धुऊन घडी घातलेली. मी म्हणाले, "सापडंना."

नवऱ्याने आणि नणंदेने खांदे धरले, मी पाय धरले. टाच बांबूला टेकली, आणि डोळे मिटलेल्या, महिनाभर कुशीवरही न वळलेल्या त्या बाईने गुडघा पोटाशी ओढून घेतला. माझ्या हातात तो पाय थरथरत होता. मला माझीच भीती वाटली. अजूनही उठून कपाट उघडता आलं असतं, ते चार पावलांवर होतं.

"वहिनी," नणंद रडत म्हणाली, "आईचा पाय सरळ करा."

मी गुडघा दाबला आणि पाय सरळ केला.