अर्धा इंच जास्त

माझ्या कंबरेचा घेर बत्तीसवरून अडतीसवर कसा गेला, हे या जगात दोनच बायकांना नेमकं ठाऊक आहे. एक माझी बायको आणि दुसऱ्या कात्रीबाई. बायको निदान बोलून तरी दाखवते. कात्रीबाई नुसती टेप गुंडाळायच्या, वहीत आकडा टिपायच्या आणि म्हणायच्या, "सर, या खेपेला थोडं सैल ठेवते." असली बाई एके दिवशी आपल्याच शाळेत, आपल्या शेजारच्या वर्गावर शिक्षिका म्हणून येते, तेव्हा माणसाचं काय होत असेल याचा विचार करा. मी तर आठवडाभर पोट आत ओढून व्हरांड्यातून चाललो.

कात्रीबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. त्याआधी चौदा वर्षं त्या नवऱ्याबरोबर शिवणाचं दुकान चालवायच्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, एक उंच टेबल आणि खिडकीशी काज करत बसलेल्या सासूबाई. मुलगी तिसरीत असताना अपूर्णांकांचा गृहपाठ घेऊन रडत बसली, तेव्हा बाईंनी तिच्यापुढे अस्तराच्या पट्ट्या टाकल्या आणि म्हणाल्या, "दुमड. आणखी एकदा दुमड. आता किती झाले?" पोरीला पंधरा मिनिटांत कळलं. मग शेजारची दोन पोरं आली, मग त्यांची भावंडं आली. गिऱ्हाइकं दारात ताटकळू लागली तसा नवरा वैतागून म्हणाला, "त्यापेक्षा तू रीतसर शिकवायलाच जा. दुकान मी बघतो." तो चिडून बोलला होता, पण बाईंनी ते मनावर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिला. माझे डोळे अजून शाबूत आहेत." छत्तिसाव्या वर्षी बाई परीक्षेला बसल्या आणि दोन वर्षांनी आमच्याकडे तिसरीच्या वर्गावर आल्या.

मी चौथीला शिकवतो. तीस वर्षं शिकवतोय. खडू, फळा आणि पाठांतर, एवढ्यावर मी शेकडो मुलं पार केली आहेत. त्यामुळे मधल्या भिंतीतून कात्र्यांची कचकच यायला लागली तेव्हा माझं डोकं फिरलं.

बाईंनी बाक भिंतीला लावून टाकले होते आणि मुलं जमिनीवर. खिडकीच्या गजापासून दरवाज्याच्या कडीपर्यंत दोरी बांधलेली. या टोकाला शून्य, त्या टोकाला एक. मुलांनी कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन अर्धा कुठे, पाव कुठे, पाऊण कुठे ते लावायचं. चुकलं तर दोरी सोडून दुमडून बघायची. एके दिवशी कागदाच्या पट्ट्या कापायच्या, एके दिवशी पाण्याचा जग आणि पेले. दुसऱ्या दिवशी चोवीस मुलांतली "तिसरा हिस्सा" मुलं उभी करायची. ती आठच का, यावरून दहा मिनिटं भांडण. पहिले दोन आठवडे "चतुर्थांश" हा शब्द उच्चारायला बंदी होती. "चारातला एक" म्हणायचं.

"अहो, पुस्तकात केकचं चित्र दिलंय की," मी एकदा म्हणालो. "ते दाखवा, संपलं."

"केक काढला की मुलांना मोठा तुकडा कुणाला मिळाला एवढंच दिसतं," बाई म्हणाल्या. "आणि गोल वस्तूचे तीन सारखे भाग तुम्ही तरी करून दाखवाल का, सर?"

मी करून दाखवले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत मात्र मी त्यांना दीडशहाण्या म्हणालो. आणि नुसतं बोलून थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, चिठ्ठी लिहिली. गणिताच्या तासाला गोंगाट होतो, शेजारचा वर्ग चालवणं अवघड जातं, आणि या बाईंचा मूळ कल शिवणाकडे असल्याने त्यांना शिवणवर्गच द्यावा, असं मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून सही ठोकली.

शिवणाच्या बाई त्या महिन्याअखेरीस निवृत्त होणार होत्या. त्या जागेवर कुणाला घ्यायचं, यावर घोडं पेंड खात होतं. मोठ्या बाईंना आयतं उत्तर सापडलं. त्यांनी कात्रीबाईंना बोलावून सांगितलं, "शुक्रवारी मी तुमचा तास बघेन. चौथीचे सरही असतील. तास समाधानकारक वाटला तर तिसरी तुमच्याकडे राहील. नाहीतर एक तारखेपासून शिवणवर्ग. तुम्हाला काय, शिवण येतंच."

हे मला बाईंनीच सांगितलं. रविवारी मी पँट आणायला गेलो होतो तेव्हा. त्या उंच टेबलाशी उभ्या होत्या आणि समोर जाड, लोकरीसारखं रंगीत कापड पसरलेलं होतं. त्या कापडाच्या काठाचे धागे निघत नाहीत, म्हणून ते दुमडून शिवावं लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कागदाच्या पट्ट्या आठवड्यात फाटतात, म्हणून शुक्रवारसाठी त्या कापडाचे संच करत होत्या. दोन फुटांच्या पूर्ण लाल पट्ट्या कापडवाल्यानेच कापून दिल्या होत्या. अर्धे पिवळे, तिसरे हिस्से हिरवे, पाव निळे, आठवे हिस्से पांढरे, हे बाई कापत होत्या. पुठ्ठ्याचा नमुना ठेवायचा, खडूची रेघ मारायची, कात्री सोडायची. हात इतका सफाईदार की मी चहा थंड होईपर्यंत बघत राहिलो.

"मला शिवण येतं म्हणून शिवणवर्ग देणार म्हणे," कापता कापता त्या म्हणाल्या. "आता बघा सर, ज्याला शिवण येतं त्याला अपूर्णांक आल्यावाचून राहतात का? चौदा वर्षं मी सव्वा, दीड आणि पाऊणच कापत आले. हा वर्ग मी सोडणार नाही. मला यायला उशीर झालाय खरा, पण मी योग्य ठिकाणी आले आहे."

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "कुणीतरी चुगली केली असणार."

मी खाली बघून पँटची घडी घातली. लाज वाटली, हे कबूल करतो. पण चिठ्ठी परत मागण्याइतकी नाही वाटली.

शुक्रवारी मोठ्या बाई आणि मी मागे खुर्च्या टाकून बसलो. मुलांचे चार-चारचे सहा गट. कात्रीबाईंनी संच वाटले आणि म्हणाल्या, "लाल पट्टी म्हणजे एक. तिच्यावर निळे तुकडे मांडून सांगा, किती निळे म्हणजे एक?"

दोन मिनिटं सगळं सुरळीत. मग डाव्या कोपऱ्यातून आवाज आला, "बाई, चार मावत नाहीत."

"नीट लावा. टोकाला टोक."

"लावलं बाई. शेवटचा बाहेर येतोय."

दुसऱ्या गटातही बाहेर. तिसऱ्यातही. सहाही गटांत निळा तुकडा लाल पट्टीच्या पुढे दोन इंच जीभ काढून बसला होता. बाई खाली बसल्या, एक निळा तुकडा उचलला, अंगठ्याने त्याचा काठ चाचपला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला मागून दिसलं. काय झालं ते त्यांना त्या क्षणी कळलं आणि पाठोपाठ मलाही. शिंप्याचा हात कापड नेमकं कधीच कापत नाही, शिलाईसाठी अर्धा इंच सोडूनच कापतो. नमुना बरोबर होता. पण खडूची रेघ चौदा वर्षांच्या सवयीने नमुन्याबाहेर गेली होती. जे कापड शिवायचंच नव्हतं त्याच्या प्रत्येक तुकड्यात बाईंनी अर्धा इंच शिलाई सोडली होती. जित्याची खोड, दुसरं काय!

मोठ्या बाईंचं पेन कागदावर चालू लागलं. मी असतो तर संच गोळा केले असते, "कापड ताणलं गेलंय" म्हणालो असतो आणि फळ्याकडे वळलो असतो. मुलांना काय, सरांनी सांगितलं की झालं.

बाईंनी मात्र तुकडा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "चार पाव मिळून एक होतो, असं आपण दोरीवर बघितलंय. आता इथे तर जास्त होतंय. मग चूक कुठेय? शोधा."

वर्ग आधी गोंधळला, मग कामाला लागला. पिवळे मांडले, ते एक इंच बाहेर. हिरवे दीड इंच. पांढरे तर चार इंच बाहेर. "पांढरे सगळ्यात खोटारडे," एकजण ओरडला. त्याच्या शेजारच्याने आठही पांढरे तुकडे एकावर एक रचून बघितले आणि म्हणाला, "सगळे सारखेच आहेत की. प्रत्येकात थोडं थोडंच जास्त असेल. पण हे आठ आहेत, म्हणून आठदा जास्त."

मोठ्या बाईंचं पेन थांबलं.

त्या वर्गात एक मुलगी आहे. पेन्सिलीची टोकं कुरतडते म्हणून तिला खारूताई म्हणतात. वर्षभरात मी तिचा आवाज ऐकला नव्हता. ती चार निळे तुकडे लाल पट्टीवरून उचलून बाजूला जमिनीवर ओळीने मांडत बसली होती. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"काय बघतेस गं?"

"हे पावच आहेत," ती म्हणाली. "पण लालचे नाहीत."

"मग कुणाचे?"

"दुसऱ्या पट्टीचे. मोठ्या."

"ती कुठेय? मी तर आणली नाही."

"नाही आणली. पण ती एवढी आहे." खारूताईने मांडलेल्या ओळीच्या दोन्ही टोकांना हात लावले. मग जरा थांबून म्हणाली, "पांढऱ्यांची याहून मोठी असेल."

तीस वर्षं मी मुलांकडून वदवून घेतलं, "अपूर्णांक म्हणजे पूर्णाचा भाग." पण कुठल्या पूर्णाचा, असं मला कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नव्हतं. जी पट्टी तिथे नव्हतीच, ती ही आठ वर्षांची पोर दोन हातांत धरून बसली होती.

बाई उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे," त्यांनी वर्गाला सांगितलं. "कपडा शिवायचा असतो तेव्हा मी अर्धा इंच जास्त सोडते. इथे शिवायचं नव्हतं, तरी सोडलं. आता लाल पट्टी चारात दुमडा, तिच्यावर निळा ठेवा, जास्तीचं कापून टाका." मग कात्र्यांची जी कचकच झाली ती झाली. पहिल्यांदाच मला तिचा त्रास झाला नाही. चार निळे लालवर काठोकाठ बसले तेव्हा सहा गटांनी मिळून जी आरोळी ठोकली, ती माझ्या वर्गापर्यंत नक्की गेली असणार.

तास संपल्यावर मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही तिघं. मोठ्या बाई चक्क हसत होत्या. "तुकडे मुद्दाम चुकीचे कापलेत ना? फार हुशारीने योजलंत हो, बाई."

मी मनात म्हणालो, हो म्हणा. नुसतं हो म्हणा, वर्ग तुमचा.

"नाही," कात्रीबाई म्हणाल्या. "हात गेला. सवय आहे."

"म्हणजे? तुम्ही तपासलं नव्हतं?"

"नाही. तपासायला हवं होतं. यापुढे तपासेन. पण तिसरीच्या मुलांना अपूर्णांक माझ्याइतका चांगला या शाळेत कुणी शिकवत नाही, तेव्हा वर्ग माझ्याकडेच राहू द्या."

मोठ्या बाईंचं हसू मावळलं. त्यांनी ड्रॉवर उघडला, एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. माझं वळणदार अक्षर मला लांबूनच ओळखू आलं. "या सरांनी आधीच कळवलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. काय सर?"

कात्रीबाईंनी कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. माप घेताना बघायच्या तशाच त्या शांतपणे बघत होत्या. पोट आत ओढायचंही मला सुचलं नाही.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मोठ्या बाई, तीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने माझी चूक पकडलेली नाही. आणि मी चुका कमी केलेल्या नाहीत."

मग मोठ्या बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "हा तुम्हीच ठेवा," त्या म्हणाल्या. "तिसरीत बदल नाही."

व्हरांड्यात मी कात्रीबाईंची माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच आधी म्हणाल्या, "सासूबाईंना सांगू नका हं. तुमचे कपडे त्या न शिवताच परत पाठवतील." आणि दोन पावलं पुढे जाऊन वळल्या. "चुका पकडायला शिकवता येतं, सर. अवघड नाही ते. सोमवारी तुमचा वर्ग घेऊन या."

सोमवारी मी बत्तीस मुलांना घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. खारूताईने माझ्या हातात एक निळा तुकडा दिला आणि म्हणाली, "सर, हा पाव आहे का ते सांगा."

मी विचारलं, "कशाचा पाव?"

"बरोबर," ती म्हणाली, आणि मला जमिनीवर बसायला जागा करून दिली.