आईची पेटी

बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या वर्गातली निम्मी मुलं चाकणला कंत्राटावर लागली होती, काही पुण्याच्या अभ्यासिकांत जाऊन बसली होती आणि मुलींची लग्नं जमत होती. मला मात्र आळेफाट्याच्या रस्त्यावरच काम मिळालं, निर्यातीच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये. क्वालिटी चेकर. "हंगाम संपला की एकालाच कायम करू. इथं ग्रोथ आहे," मॅनेजर म्हणाले. ग्रोथ कशाची, हे विचारायचं धाडस नव्हतं.

पहिल्या दिवशी पांढरा कोट चढवून तोऱ्यात आत गेले, तर माझ्याच टेबलाला आई उभी. ती आठ वर्षं तिथे द्राक्षं कातरत होती. घड देठाला धरायचा, डागी मणी कात्रीने काढायचे आणि पेटी भरायची. मी ती तपासायची आणि चुकली असेल तर मोठ्याने "परत" म्हणायचं.

तेच जमेना. टेबलाला सगळ्या मावश्या आमच्या येडगावच्या. एकीने मला अंगाखांद्यावर खेळवलेलं, दुसरीच्या घरी मी अभ्यासाला जायचे. त्यांची पेटी परत कशी करणार? डागी घड मीच गुपचूप बदलून टाकायचे. पाचव्या दिवशी मॅनेजरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तुझ्या टेबलावरून एकही पेटी परत जात नाही. मग तुला ठेवायचं कशाला? उद्याचा दिवस बघतो."

घरी येऊन मी ताटावर नुसती बसून राहिले. आईने ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मागे उभे असतानाच आईची पेटी आली. वरचा घड उचलला, तर खाली तडकलेल्या मण्यांचा घड, रस गळत असलेला. आई खाली मान घालून कात्री पुसत होती.

"परत," मी म्हणाले. आवाज चिरकला, पण ऐकू गेला.

मॅनेजरांनी आईला तेव्हाच टेबलावरून काढून क्रेट धुवायला पाठवलं. संध्याकाळपर्यंत मी आणखी चार पेट्या परत केल्या. मावश्या हूं की चूं करेनात. हिने आईला सोडलं नाही, तिथे आपली काय कथा, असं त्यांना वाटलं असावं.

एसटीत मी रडवेली होऊन विचारलं, "आई, असा घड तुझ्या हातून सुटलाच कसा?"

"सुटला न्हाई. शोधून घातला," ती म्हणाली. पाण्याने तिची बोटं पांढरी पडली होती. "पहिल्यांदा दुसऱ्या कुणाची पेटी परत केली असतीस, तर गावानं जलमभर बोलून दाखवलं असतं. माझी केलीस, आता कोण काय बोलणार?"

हंगाम संपला आणि मला कायम केलं. आईला पुन्हा टेबलावर घ्या, एवढं मॅनेजरांना सांगायला मात्र मला दोन वर्षं लागली. तोवर ती क्रेटच धूत होती. त्याची मला आजही लाज वाटते.