यॉर्कला निघण्याआधी

लोक सहलीहून आल्यावर किस्से सांगतात. आमच्याकडे ते निघायच्या आधीच साठले! तीन दिवस यॉर्कला जायचं, जुनी तटबंदी बघायची, नदीकाठी फिरायचं, एवढाच बेत होता. त्यासाठी आम्ही हॅनोव्हरमध्ये बसून दोन महिने घाबरत होतो.

आम्ही म्हणजे पाचजण. मी ब्रेक्सच्या टेस्टिंगमध्ये आहे. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई. माझ्याच ऑफिसातला समीर आणि त्याची बायको अश्विनी. आणि पीएचडी करणारी ऋता, जिने यॉर्कचे फोटो दाखवून ही आग लावली.

---

समीर मुळातच भित्रा. इंग्लंडच्या व्हिसाचा फॉर्म भरायला बसला आणि एका प्रश्नापाशी अडला. ‘तुम्ही कधी दहशतवादी कृत्यात भाग घेतला आहे का, किंवा त्याला पाठिंबा दिला आहे का?’

"नो कर आणि पुढे जा," अश्विनी म्हणाली.

"अगं, पण कॉलेजात मोर्चा काढला होता आम्ही!"

"मेसच्या जेवणाविरुद्ध, समीर!"

त्याचं समाधान होईना. त्याने पुण्यातल्या मित्राला फोन लावला. "अरे, त्या मोर्च्यात आपली घोषणा काय होती?"

मित्राला पाठ होती. "पातळ वरण, मुर्दाबाद!"

समीरने फोन खाली ठेवला. चेहरा पांढराफटक. "मुर्दाबाद म्हणालो होतो आम्ही," तो म्हणाला. "म्हणजे हिंसेची भाषाच झाली ना?"

---

मग आईची पाळी. विमानाची तिकिटं काढणार, तेवढ्यात ऋताने सहज विचारलं, "काकू, तुमचा जर्मनीचा व्हिसा सिंगल एंट्री आहे की मल्टिपल?"

आईने बॅगेतून साडीत गुंडाळलेला पासपोर्ट काढला. व्हिसावर स्पष्ट छापलं होतं, 01. एकदाच प्रवेश! आई यॉर्कला गेली असती तर तिला जर्मनीत परत येता आलं नसतं. आई, तिची बीपीची औषधं आणि इंग्लंडच्या विमानतळावरचा एखादा बाक, सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

शेवटी ठरलं की यॉर्क तिच्या मुक्कामाच्या शेवटी ठेवायचं आणि तिने तिथून जवळच्या मँचेस्टरहूनच भारतात जायचं. पण हे तिला सांगणार कोण? मी चाचरत सांगितलं. "आई, तिकडून एकटीलाच जावं लागेल गं."

"बरंच की!" आई म्हणाली. "मला सोडायला चौघं असाल. पुण्याहून निघाले तेव्हा एकटा रिक्षावाला होता!"



---

ऋताची भीती कागदाची. तिच्या रेसिडन्स परमिटची मुदत संपली होती. नवं कार्ड येईपर्यंत हातात एक घडीचा कागद होता, ‘फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग’. हे नाव उच्चारतानाच माणूस घाबरतो! जुनं परमिट अजून चालू आहे असं धरून चाला, एवढाच त्याचा अर्थ. पण इंग्लंडहून परतताना विमानतळावरचा पोलीस तसं धरून चालेल का?

विचारायला ती परदेशी नागरिकांच्या कचेरीत गेली आणि रडवेली होऊन आमच्याकडे आली.

"त्या बाई ‘नॉर्मालरवाइज, या’ म्हणाल्या. नॉर्मालरवाइज म्हणजे एरवी! एरवी म्हणजे काय? माझ्याच वेळी एरवी नसलं तर?"

आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं. "‘या’ म्हणाल्या ना त्या?"

"काकू, जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे हो."

"ते असू दे गं. सरकारी कचेरीत कुणी इतक्या प्रेमाने ‘या’ म्हणतं का? ये तू खुशाल परत!"

---

आमचे पासपोर्ट व्हिसासाठी ड्युसेलडॉर्फला जमा होते. दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळी ऑफिसच्या पँट्रीत समीर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात फोन.

"बाबांना ॲडमिट केलंय नाशिकला. हार्ट." मग अगदी हळू म्हणाला, "आणि माझ्याकडे पासपोर्ट नाहीये रे."

आम्ही व्हिसा सेंटरला फोन लावला. लेखी अर्ज करा, काही दिवस लागतील, असं उत्तर मिळालं. अर्ज पाठवला. पण समीर जागेवर बसेना. "चल, ड्युसेलडॉर्फला जाऊ. निदान पासपोर्टच्या गावात तरी असेन."

याला काही अर्थ नव्हता, पण मी त्याच्याबरोबर ट्रेनमध्ये बसलो. फॉर्ममधल्या एका प्रश्नाने पांढरा पडणारा हा माणूस तेव्हा शांतपणे एकेक स्टेशन मोजत होता. त्याची मला जास्त भीती वाटत होती. बीलेफेल्ड स्टेशन गेलं आणि व्हिडिओ कॉल आला. स्वतः बाबा! नाकात नळी, पण आवाज खणखणीत.

"स्टेंट घातला. झालं काम. तू कुठे निघालास?"

"बाबा, पासपोर्ट आणायला."

"मग मिळाला की आधी ते यॉर्क बघून ये. मी कुठे जातोय? मला तर इथे पासपोर्ट न घेताच अडकवून ठेवलंय!"

समीर हसला आणि भर डब्यात रडायला लागला. समोरच्या जर्मन आजींनी न बोलता टिश्यूचं पाकीटच पुढे केलं.

---

समीरने अर्ज मागे घेतला. व्हिसे आले. हॉटेल तेवढं राहिलं. ते अश्विनी बघत होती. ती सांगलीची. आमच्यातली एकटी तीच कशाला घाबरली नव्हती. नदीकाठचं एक छान हॉटेल सापडलं, फोटो बघता बघता ती थांबली. एका फोटोत शेजारच्या पबची भिंत होती. भिंतीवर पुराच्या खुणा, प्रत्येक खुणेपुढे साल. सर्वांत वरची खूण माणसाच्या डोक्याच्या वर.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी त्या नदीची पातळी बघायला लागली. हॅनोव्हरमध्ये बसून! समीर म्हणाला, "गावात आत दुसरं हॉटेल घेऊ."

रविवारी आम्ही सगळे बसलेले असताना तिने स्वतःच त्या हॉटेलला फोन लावला. पलीकडे कुणी वयस्कर गृहस्थ होते. पाणी कुठवर येतं, किती वेळात चढतं, जिना कुठे आहे, ती एकेक विचारत होती. मग त्यांनी काहीतरी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "सांगली. कृष्णा नदी. दोन दिवस आम्ही गच्चीवर होतो." त्यानंतर बराच वेळ ती नुसती ऐकत होती.

फोन ठेवला आणि म्हणाली, "बुक केलं. दुसरा मजला, नदीकडच्या खोल्या."

"नदीकडच्या?" समीर ओरडला. "अगं, मागच्या बाजूच्या घ्यायच्या ना!"

"नको," अश्विनी म्हणाली. "सांगलीला पाणी मागच्या दाराने आलं होतं."